पंधरा ऑगस्टच्या गलबल्याचे धनी

ऑगस्ट लागला की आमच्या गावाभोवतीच्या द्राक्षमळ्यांच्या बांधांवर एक उंच पिवळी काठी उभी राहते. पाने लोकरीसारखी मऊ, अंगभर फुले, उंची जवळजवळ माणसाएवढी. इथले लोक तिला राजाची मेणबत्ती म्हणतात. ती दिसली की या वयातही माझ्या छातीत परीक्षेच्या सकाळची धडधड सुरू होते. ती आली म्हणजे पंधरा ऑगस्ट आला. पंधरा ऑगस्ट आला म्हणजे आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर भांडी बडवण्याचा दिवस आला. आणि तो दिवस आला म्हणजे, हा गलबला मुळात कोणी सुरू केला, यावर भांडण्याचा हंगामही आला. मी या हंगामाची वर्षभर वाट पाहतो, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

आमचे गाव जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी आहे. समोर ऱ्हाईनचे सपाट खोरे आणि नदीपलीकडे फ्रान्स. मराठी माणसे फ्रँकफर्टला असतात, म्युनिकला असतात, वोल्फ्सबुर्गच्या मोटारींच्या कारखान्यात असतात. इथे मी एकटा. कराडहून निघालेला मेकॅनिकल इंजिनिअर या गावात का रुजला, असे मला विचारतात. कारखाना जवळ होता आणि सुमतीला, माझ्या पत्नीला, हे चर्च आवडले. दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे होते.

चर्च तांबूस वालुकाश्माचे आहे, कॅथलिक आहे, आणि त्याच्या मनोऱ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट आहे. आत छतावर येशूच्या आईचे, मरीयेचे, स्वर्गारोहण रंगवलेले आहे. त्या चित्राखाली, दोन तारांवर, एक लाकडी जहाज टांगलेले आहे. इथवर वाद नाही. यापुढे प्रत्येक गोष्टीवर आहे. चर्चच्या जुन्या माहितीपत्रकात या जहाजाला ‘ऱ्हाईनवरील मालवाहू नौका’ म्हटले होते. मी आयुष्यभर यंत्रांचे आराखडे वाचले. त्या जहाजाचा खोल तळ आणि त्याच्या डोलकाठ्या पाहिल्यावर, ते नदीत पाऊल तरी टाकेल का, हे मला कोणी शिकवू नये. ते समुद्रातले जहाज आहे. माणसांना त्यांच्या घरांतून उचलून अटलांटिकच्या किनाऱ्याकिनाऱ्याने सोडून देणारे जहाज आहे.

ती माणसे म्हणजे अकेडियन. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेले फ्रेंच भाषिक कॅथलिक शेतकरी. समुद्राला बांध घालून त्यांनी खारी जमीन पिकवली होती. अठराव्या शतकात इंग्रजांनी त्यांना गावेच्या गावे रिकामी करायला लावली. जहाजांत कोंबताना नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, लेकरे तिसरीकडे. मागे घरे जाळली. पुढे कित्येक वर्षांनी काही जण पायपीट करत परतले, तो त्यांच्या शेतांत दुसरेच लोक नांगर धरून उभे. तरी ते संपले नाहीत. मरीया ही त्यांची रक्षणकर्ती आणि तिच्या स्वर्गारोहणाचा पंधरा ऑगस्ट हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी ते घरातली पातेली, झाकणे, पळ्या घेऊन रस्त्यावर येतात आणि जीव खाऊन बडवतात. अर्थ एकच: तुम्ही आम्हाला पुसून टाकले होते, पण आम्ही अजून आहोत.

आता हे लोक ऱ्हाईनच्या खोऱ्यात कसे आले, तर कॅनडाच्या सैन्याचा तळ त्या काळी इथून जवळ होता. सैनिकांत अकेडियन होते, त्यांची कुटुंबे होती, मुलांसाठी शाळा होती, आणि त्या शाळेत शिकवायला आली होती ओदेत. लाल केसांची, सडपातळ, खोलीत शिरली की खिडक्या उघडणारी बाई. तिने पुढे आमच्या गावातल्या कार्ल नावाच्या द्राक्षमळेवाल्याशी लग्न केले. तळ बंद झाला, सैनिक परत गेले, जाताना चर्चला ते जहाज देऊन गेले, ओदेत राहिली. कार्ल गेला, तरी राहिली. तिच्या लोकांपैकी या गावात उरलेली ती एकटीच.

आणि यंदा तिलाच पुसण्याचा घाट घातला गेला, म्हणून मी लेखणी उचलली. चर्चची दुरुस्ती पूर्ण झाली आहे. परांची उतरली, घुमट पुन्हा हिरवा चमकू लागला, आणि दाराशी एक माहितीफलक लावायचे ठरले. पंधरा ऑगस्टला त्याचे अनावरण. फलकाचा मजकूर गावाच्या इतिहास मंडळाने, म्हणजे हेर ब्रेनर यांनी, लिहिला; हेर म्हणजे इथले श्रीयुत. हेर ब्रेनर निवृत्त इतिहासशिक्षक. आम्ही दोघे याच गावात म्हातारे झालो आणि अजून एकमेकांना आडनावाने हाक मारतो. त्यांच्या मजकुरात होते: ‘स्वर्गारोहणाच्या सणाला भांडी वाजवून द्राक्षमळ्यांवरची गारपीट हुसकावण्याची येथील प्राचीन प्रथा.’ अकेडियन हा शब्दच नव्हता.

गारपीट! वादळ आले की इथे चर्चची घंटा वाजवत, हे मला मान्य आहे. पण गारा पंचांग पाहून येत नाहीत. दर वर्षी एकाच तारखेला, मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, निरभ्र आकाशाखाली कोणत्या गारा हुसकायच्या?

दुसरे खोटे मात्र घरातूनच आले. माझा पुतण्या निनाद फ्रँकफर्टला एका बँकेत सॉफ्टवेअरचे काम करतो. त्याचा फोन आला.

“काका, पोस्ट पाहिलीत?”

“पाहिली. काढून टाक.”

“अहो, सगळ्यांना केवढी आवडलीये. म्युनिकहून दोन फॅमिलीज येतायत. वोल्फ्सबुर्गचा माझा मित्र गाडी घेऊन निघतोय, खास ही मिरवणूक बघायला.”

“येऊ देत, पोटभर जेवून जाऊ देत. पण ‘भारतीयांनी स्वातंत्र्यदिनासाठी सुरू केलेली मिरवणूक’ हे तू कुठून काढलंस?”

“तारीख पंधरा ऑगस्ट. काकूंची परात. दर वर्षी सगळ्यात पुढे तुम्ही. आल्झो, मग यात संशोधन काय करायचंय?”

“उद्या म्हणशील, चर्चही आपणच बांधलं.”

“ते नाही म्हणत,” तो म्हणाला. “पण कोणी लिहिलं तर मी लाइक करीन.”

मागून त्याची मुलगी जर्मनमध्ये ओरडली की या वेळी मोठे झाकण तिला हवे. त्या घरात मूळ मुद्दा फक्त तिलाच कळतो.

आमच्या पिढीला उसन्या मोठेपणाची चीड होती. दुसऱ्याच्या दुःखातून उगवलेली गोष्ट आपल्या नावावर चढवून घेणे हे मला गारपिटीपेक्षाही अपमानास्पद वाटते. म्हणून मी दोन्ही आघाड्यांवर लढायचे ठरवले. आणि खरे सांगायचे तर, गेल्या कित्येक महिन्यांत मला इतके ताजेतवाने वाटले नव्हते.

त्या पहिल्या उन्हाळ्याची गोष्ट माझ्या नाकात आहे. आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. श्रावण आला होता आणि सुमतीला मंगळागौर पुजायची होती. मुखवटा तिने कराडहून आणला होता, पण पत्री कुठून आणायची? आघाडा नाही, दूर्वा नाहीत, बेल तर नाहीच. आमच्या घरमालकीणबाई म्हणजे या हेर ब्रेनर यांच्या मातोश्री. त्यांनी या नव्या मुलीला परसात हिरमुसून उभी असलेली पाहिली, तिच्या हातात एक विळा दिला आणि खुणेनेच म्हणाल्या, चल.

दोघी बांधाबांधाने फिरल्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. पण एकीला देवीसाठी पाने हवी होती आणि दुसरीला मरीयेसाठी. इथल्या बायका स्वर्गारोहणाच्या सणाला औषधी वनस्पतींची जुडी बांधून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. मधोमध राजाची मेणबत्ती, भोवती पुदिना, शेपू, कॅमोमाइल, गव्हाच्या ओंब्या. संध्याकाळी मी कामावरून आलो तो सगळे घर एका कडू-गोड वासाने भरलेले. सुमतीने एक करडी-हिरवी काडी माझ्या नाकाशी धरली.

“ओळखा.”

“दवणा.”

“दवणाच. इकडचा,” ती म्हणाली आणि असे काही हसली, की जणू माहेरचे माणूस तिला ऱ्हाईनच्या काठी भेटले. वनस्पतिशास्त्र तिच्या बाजूने होते. ती काडी दवण्याच्या कुळातलीच. त्या मंगळवारी अर्धी पत्री गौरीला वाहिली गेली आणि उरलेल्या अर्ध्या पत्रीची जुडी मरीयेसाठी बांधली गेली. दोन्हीकडून तक्रार आली नाही.

आमच्या राज्यात पंधरा ऑगस्टला सुट्टी नसते, म्हणून मिस्सा संध्याकाळी असते. त्या वर्षी तळावरची अकेडियन कुटुंबे आमच्या चर्चमध्ये आली होती. सुमतीने स्वातंत्र्यदिनाचे तोंड गोड व्हावे म्हणून पितळी परातभर शिरा केला होता. पुढच्या सीटवर, मांडीवर परात घेऊन, ती गाडीत बसली होती. तिला चर्चच्या दाराशी सोडून मी गाडी लावायला खाली ओढ्याकडे गेलो.

यापुढची हकिकत मी आजवर शेकडो लोकांना सांगितली आहे. मी चढ चढून येतो आहे, संध्याकाळचे ऊन घुमटावर आहे, दवण्याचा आणि धुपाचा वास दारातून उतरतो आहे, आणि एकाएकी एक खणखणाट. मग दुसरा. मग एकदम असा कल्लोळ, की कबुतरे मनोऱ्यावरून फाटक्या कागदासारखी उडाली. मी धावत वर पोचलो. पायऱ्यांवर सर्वांत पुढे ओदेत, केस सुटलेले, हातातल्या पातेल्यावर पळी हाणते आहे, रडते आहे आणि हसते आहे. मागे सैनिक, बायका, पोरे, आणि त्यांच्यात शिऱ्याची परात बडवणारी माझी बायको. पाने हातात घेतलेली सगळी मंडळी त्यांच्यामागून गावातून चालली. त्या संध्याकाळी मला प्रथमच वाटले, की या देशात राहता येईल. असा आवाज जिथे चालतो, तिथे माणूस राहू शकतो.

तेव्हा धनी कोण, यात मला कधीच शंका नव्हती. पहिला ठोका ओदेतचा. मी साक्षीदार.

मागच्या आठवड्यात चर्चशेजारच्या सभागृहात फलकाच्या मजकुरावर बैठक झाली. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. ओदेत आधीच येऊन बसली होती. केस आता पांढरे, काठी मांडीवर आडवी. माझ्या कानाशी लागून म्हणाली, “माधव, भांडू नकोस. गारा तर गारा. या लोकांनी मला चांगलं वागवलंय.”

“चांगलं वागवलं म्हणून तुझे पूर्वज विसरायचे?”

“मी विसरत नाही. मी फक्त दमते.”

तिचे ते दमणे मला सहन होईना. मी उभा राहिलो आणि बोललो. जहाजापासून सुरुवात केली. हेर ब्रेनर शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, “हेर पाटणकर, माझ्या आईला मी या डोळ्यांनी गारांसाठी झाकण वाजवताना पाहिलं आहे. माझी आई खोटं वाजवत होती का?”

“आईबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनीच आम्हाला घर दिलं. तक्रार ‘प्राचीन’ या शब्दाबद्दल आहे. तुम्ही आणि मी दोघेही त्या प्रथेपेक्षा वयाने मोठे आहोत.”

लोक हसले. तरुण पाद्रीबाबांनी घाईघाईने तोडगा काढला: ‘विविध परंपरांचा सुंदर संगम’ असे लिहू या. मी म्हटले, कोणाचेच आभार मानायचे नसले की माणसे संगम म्हणतात. नद्यांनाही नावे असतात. इथेही द्यावी लागतील. आणि मी माझी ती हकिकत सांगितली. चढ, ऊन, कबुतरे, ओदेतचा पहिला ठोका. चांगली सांगितली. शेवटी मला वाटले, जिंकलो.

“नाही, माधव,” ओदेत म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिले. तिने काठी जमिनीवर टेकली, पण उठली नाही.

“पहिला ठोका माझा नव्हता. तू तेव्हा गाडी लावत होतास.”

मग ती सावकाश सांगत गेली आणि मी, ज्याने ती संध्याकाळ पाठ केली होती, ती प्रथमच ऐकत गेलो. मिस्सा संपून सगळे पायऱ्यांवर आले होते. पातेली पिशव्यांत होती, पण काढायला कोणी धजेना. तळावरच्या पाद्रींनी बजावले होते की परक्या गावात तमाशा नको. ओदेतच पिशवी छातीशी धरून उभी होती. सुमती शिरा वाटत तिच्यापाशी आली, पिशवीकडे बोट दाखवून विचारले, यात काय? ओदेतने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले: आज आमचा दिवस, आम्ही आवाज करतो, आम्ही उरलो आहोत म्हणून.

“मग करा,” सुमती म्हणाली.

“इथे कसा करणार? आपण इथे पाहुणे.”

“आणि तुझी बायको काय म्हणाली, माहीत आहे?” ओदेतने मला विचारले. “ती म्हणाली, देवाच्या दारात पाहुणं कोण? तिला खरंच कळत नव्हतं, माधव. तिच्या देशात देवापुढे घंटा, झांजा, टाळ्या. आवाज झाला नाही तर देवाला पूजा पोचली कशी कळणार, असं तिला वाटायचं. आमच्या या चर्चमध्ये खोकतानासुद्धा लोक रुमाल शोधतात, हे तिच्या गावीही नव्हतं. तिनं उरलेला शिरा एका सैनिकाच्या टोपीत उलटला, परात उचलली आणि उलथन्यानं हाणली. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग माझी पळी आपोआप बाहेर आली.”

ती हेर ब्रेनर यांच्याकडे वळली. “तुझी आई घरातून झाकण घेऊन धावत आली. मला म्हणाली, गारा कुठे आहेत? मी म्हटलं, नाहीत. तर म्हणाली, मग येण्याआधीच वाजवू.”

हेर ब्रेनर खाली पाहत हसले. त्या हसण्यात त्यांच्या आईचा चेहरा मला लख्ख दिसला. गारांना मी तेवढी जागा देतो. एका वाक्यातली अर्धी.

मी विचारले, “इतकी वर्षं मी चुकीचं सांगत होतो. सुमतीनं मला कधी का सांगितलं नाही? तू का नाही?”

“मी एकदा सांगणार होते. ती म्हणाली, राहू दे, सांगू दे त्याला. फार छान सांगतो.”

सभागृह मोठ्याने हसले. मी हसलो की नाही, हे मला सांगता येणार नाही. माझा चष्मा पुसण्याची वेळ झाली होती. सुमतीला जाऊन आता सहा उन्हाळे झाले आणि तिने त्या दिवशी, भर सभेत, पाठीमागून माझ्या टपलीत मारली. निनादला मी हे अद्याप सांगितलेले नाही. त्याची पोस्ट अजूनही चूकच आहे. तो गलबला स्वातंत्र्यदिनाचा नव्हता आणि नाही. पण ती पूर्वीइतकी चूक नाही, एवढे कबूल करण्यासाठी मला दोनचार दिवस लागतील.

मग मजकूर नव्याने लिहायचा झाला आणि ओदेतने तो स्वतः सांगितला. तिचे दमणे कुठल्या कुठे गेले होते. एकेक वाक्य ती जुन्या शिक्षिकेसारखी सुटे करून म्हणत होती आणि हेर ब्रेनर शिष्यासारखे उतरवून घेत होते: ‘हे जहाज आणि हा गलबला अकेडियन लोकांचा आहे. त्यांना त्यांच्या भूमीतून हाकलण्यात आले, तरी ते उरले. या पायऱ्यांवर त्यांना धीर होत नव्हता, तेव्हा एका भारतीय पाहुणीने पहिला ठोका दिला, आणि गाव गारांच्या भीतीने धावत येऊन सामील झाले.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाद्रीबाबांनी घड्याळ पाहिले. मी उभा राहिलो.

“अजून काय राहिलं, हेर पाटणकर?”

“‘पाहुणी’ खोडा.”

“तो आदराचा शब्द आहे,” हेर ब्रेनर म्हणाले. “आणि त्या संध्याकाळी त्या नव्याच आल्या होत्या.”

“त्या संध्याकाळी त्या पायऱ्यांवर स्वतःला पाहुणी न समजणारी ती एकटी होती. समजली असती, तर आज आपण इथे बसलो नसतो. तुमच्या आईच्या मळ्यात तिने दर शरदात द्राक्षे तोडली. अखेरच्या दुखण्यात तुमच्या आईला पेज तिच्या हातची लागायची. तिची रक्षा याच चर्चमागच्या दफनभूमीत आहे, तुमच्या आईपासून हाकेच्या अंतरावर. पाहुणा मुक्काम संपला की जातो. ही कुठे गेली, सांगा.”

ओदेतने काठीने टेबलाचा पाय हळूच ठोकला, एकदा, वर्गात मुलाला लिहायला सांगावे तसा. पण तो ठोका मला नव्हता, हेर ब्रेनर यांना होता.

त्यांनी पेन्सिल उचलली. ‘एका भारतीय पाहुणीने’ या शब्दांवर रेघ ओढली, आणि त्या रेघेच्या वर, शिक्षकी वळणाच्या अक्षरात, लिहिले: ‘आमच्या सुमतीने’. कागद माझ्यापुढे सरकवला, मी वाचायच्या आत नजर दुसरीकडे वळवून.

‘आमच्या’ या शब्दाला खरे तर माझा आक्षेप असायला हवा होता. ती आधी माझी होती. मी आक्षेप घेतला नाही.